अनेकांचे लेखन, एकाचे नाव : ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्रमालिकेची लेखनपद्धती

१. प्रश्नाचे स्वरूप

साहित्यकृतीचा विचार करताना तिच्या कर्त्याचा विचार ओघानेच येतो. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एक नाव असते, आणि त्या नावामागे एक मन व एक जीवनदृष्टी आहे असे समीक्षक गृहीत धरून चालतो. शैलीचे विश्लेषण, वाङ्मयीन प्रभावांचा शोध, लेखकाच्या विकासाचे टप्पे हा सारा व्यापार त्या गृहीतावर उभा असतो. दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या लेखनाला हे गृहीत जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यातही अनेक दशके चालत आलेल्या अ‍ॅनिमेशनच्या विनोदी मालिकांत ते इतके अपुरे पडते की, ‘लेखक कोण?’ हा प्रश्न तेथे नव्याने मांडावा लागतो.

एका लहानशा उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. १८ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन मालिकेचा ‘लिसा द आयकनोक्लास्ट’ हा भाग प्रसारित झाला. श्रेयनामावलीत त्याचे लेखक म्हणून जोनाथन कॉलियर यांचे नाव आहे. स्प्रिंगफील्ड या कल्पित गावाच्या संस्थापकाच्या तोंडचे म्हणून एक बोधवाक्य या भागात येते, आणि त्यात ‘एम्बिगन’ असा, ‘थोर करणे’ या अर्थाचा, एक अपरिचित शब्द येतो. एक शिक्षिका त्या शब्दाविषयी शंका काढते. दुसरी तो शब्द अगदी ‘क्रॉम्युलंट’ असल्याची ग्वाही देते. विनोद असा की, ग्वाहीचा हा शब्दही पहिल्याइतकाच बनावट आहे. आता हे दोन्ही शब्द कॉलियर यांचे नव्हेत. त्या वेळी मालिकेची सूत्रे बिल ओकली आणि जॉश वाइनस्टाइन यांच्या हाती होती. खऱ्यासारखे वाटतील असे दोन खोटे शब्द त्यांनी आपल्या लेखकांकडे मागितले. पहिला डॅन ग्रीनी यांनी दिला आणि दुसरा डेव्हिड कोहेन यांनी. २०१८ साली पहिल्या शब्दाला मेरिअम-वेबस्टर या कोशात स्थान मिळाले. म्हणजे या भागातील जी दोन अक्षरचिन्हे लोकांच्या स्मरणात राहिली, ती त्या भागाच्या घोषित लेखकाची नाहीत. आणि ज्यांची आहेत त्यांची नावे त्या भागाचे लेखक म्हणून कोठेही येत नाहीत.

हा अपवाद नव्हे. या लेखनप्रकाराचा हाच नियम आहे. तो नियम कसा चालतो, कोणत्या कारणांनी घडला आणि त्यातून कोणते प्रश्न उद्भवतात, हे येथे पाहावयाचे आहे.

२. दोन परंपरांचा संगम

‘द सिम्पसन्स’चा आरंभ १९ एप्रिल १९८७ रोजी ‘द ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमातील अल्पकाळ चालणाऱ्या चित्रांच्या रूपाने झाला. व्यंगचित्रकार मॅट ग्रेनिंग हे या पात्रांचे जनक. १७ डिसेंबर १९८९ रोजी फॉक्स या वाहिनीवर तिचा अर्ध्या तासाचा पहिला भाग झळकला, आणि ग्रेनिंग यांच्या जोडीने जेम्स ब्रुक्स व सॅम सायमन यांनी तिला मालिकेचे रूप दिले. २९ एप्रिल २०१८ रोजी तिचा ६३६वा भाग प्रसारित झाला, तेव्हा ‘गनस्मोक’ या मालिकेचा ६३५ भागांचा विक्रम मागे पडला. २०२३ च्या मे महिन्यात चौतिसावा हंगाम संपला तेव्हा भागांची संख्या ७५० झाली होती.

एवढी दीर्घ रचना एका लेखकाच्या आवाक्यातील नव्हे, हे उघड आहे. परंतु केवळ आकारमानामुळे सामूहिक लेखन आले, असे मानणे बरोबर होणार नाही. त्यामागे दोन स्वतंत्र परंपरा आहेत. पहिली अमेरिकन विनोदी कार्यक्रमांची. १९५० ते १९५४ या काळात चाललेल्या ‘युअर शो ऑफ शोज’ या सिड सीझर यांच्या कार्यक्रमासाठी मेल ब्रुक्स, नील सायमन, मेल टोलकिन यांच्यासारखे लेखक एका खोलीत बसून एकमेकांच्या विनोदांवर मात करीत लिहीत. अनेक लेखकांनी एकत्र बसून संवाद घडविण्याची ही रीत पुढे परिस्थितिजन्य विनोदाच्या मालिकांनी उचलली. ब्रुक्स आणि सायमन या दोघांनीही ‘टॅक्सी’ या अशाच मालिकेसाठी काम केले होते.

दुसरी परंपरा अ‍ॅनिमेशनची. डिस्नी व वॉर्नर यांच्या चित्रशाळांमध्ये कथा लिहिली जाण्यापेक्षा काढली जाई. कथाकार हा बहुधा चित्रकारच असे. तो प्रसंगांची लहान लहान चित्रे काढून ती फळ्यावर क्रमाने टोची आणि त्यांच्यासमोर उभा राहून कथा करून दाखवी. शब्द तेथे चित्राच्या मागून येई.

सायमन यांनी ‘द सिम्पसन्स’साठी पहिल्या परंपरेची निवड केली आणि दुसरीला तिच्यानंतरचे स्थान दिले. येथे आधी संहिता, मग आवाज आणि सरतेशेवटी चित्र. पहिले लेखकमंडळ निवडतानाही त्यांनी अ‍ॅनिमेशनच्या व्यवसायाकडे पाहिले नाही. जॉर्ज मेयर हे १९८८ पासून ‘आर्मी मॅन’ नावाचे एक अत्यंत अल्पखपाचे विनोदी पत्र काढीत. त्याचे अवघे तीन अंक निघाले. सायमन त्याचे वाचक होते. मेयर, जॉन स्वार्ट्झवेल्डर आणि जॉन व्हिटी ही मंडळी त्या पत्राच्या वाटेने मालिकेत आली. अल जीन, माइक रीस, जेफ मार्टिन हे हार्वर्ड विद्यापीठातील ‘लॅम्पून’ या विद्यार्थ्यांच्या विनोदी नियतकालिकातून आले होते. मेयर आणि व्हिटी यांचाही त्याच नियतकालिकाशी संबंध होता. आरंभीच्या मंडळाची ही घडण ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तिचे गुण आणि तिच्या मर्यादा दोन्ही पुढील विवेचनात येतील.

३. संहितेचा प्रवास

एका भागाच्या निर्मितीस सामान्यतः नऊ-दहा महिने लागतात. या काळात संहिता ज्या अवस्थांतून जाते त्या क्रमाने अशा.

प्रथम कथाबीज. लेखक ठरावीक काळाने एकत्र जमतात आणि प्रत्येक जण आपापली कल्पना सर्वांसमोर मांडतो. मांडणी तोंडी असते. कल्पना सांगता सांगताच इतर जण तिच्यात भर घालू लागतात. जी कल्पना स्वीकारली जाते ती बहुधा मांडणाऱ्याकडेच सोपविली जाते, आणि श्रेयनामावलीत पुढे येणारे नाव येथेच निश्चित होते. त्यानंतर सर्वांच्या चर्चेतून तीन अंकांचा कच्चा ढाचा तयार होतो. त्यावरून लेखक आराखडा लिहितो, आराखड्यावर सूचना येतात, आणि मग तो काही दिवस एकटा बसून पहिला खर्डा सिद्ध करतो. संपूर्ण प्रक्रियेतील एकांताचा असा हा एवढाच काळ.

खर्डा हाती आला की तो लेखनकक्षात नेला जातो. येथून पुढे तो कोणा एकाचा राहत नाही. मुख्य निर्माता-लेखक, ज्याला त्या व्यवसायात ‘शोरनर’ म्हणतात, त्याच्या अध्यक्षतेखाली पाच-सात लेखक पानामागून पान घेतात. प्रत्येक ओळीला तिचा अधिकार सिद्ध करावा लागतो. विनोद कमकुवत वाटला की त्याच्या जागी दुसरा मागितला जातो; कक्षातील कोणीही सुचवावा, सुचलेला तोंडाने बोलून दाखवावा, आणि शोरनरने मान्य केला तर लेखनिकाने तो संहितेत उतरवावा. मूळ लेखक तेथे उपस्थित असतो. आपले वाक्य गेल्याचे दुःख त्याला झाले तरी ते दाखविण्याची रीत नाही.

अशा फेऱ्या झाल्यावर वाचन-बैठक होते. सर्व नट टेबलाभोवती बसून संहिता आरंभापासून अखेरपर्यंत वाचतात, आणि निर्माते, लेखक व काही निमंत्रित ऐकतात. या बैठकीचे महत्त्व फार मोठे आहे. मालिकेचे चित्रण प्रेक्षकांसमोर होत नाही आणि तिला मुद्रित हास्याची जोडही दिलेली नाही. सबब जिवंत माणसांच्या हसण्याची कसोटी तिला या एकाच ठिकाणी लागते. कोठे हशा आला व कोठे शांतता पसरली, याच्या खुणा लेखक आपल्या प्रतींवर करतात, आणि बैठक संपताच पुन्हा कक्षात परततात.

त्यानंतर आवाजांचे ध्वनिमुद्रण. त्यावरून स्टोरीबोर्ड काढला जातो, आणि त्या चित्रांना ध्वनी जोडून ‘अ‍ॅनिमॅटिक’ नावाचे कच्चे, रेखाटनवजा चलच्चित्र तयार होते. ते पाहून लेखक पुन्हा लिहितात. कागदावर हसविणारे वाक्य चित्रात मंद भासते. उलट चित्रकाराने काढलेली एखादी मुद्रा इतके सांगून जाते की वाक्याची गरजच उरत नाही. या टप्प्यानंतर काम प्रामुख्याने दक्षिण कोरियातील चित्रशाळांकडे जाते. रंगीत प्रत परत आली की लेखकांना दुरुस्तीची आणखी एक, बहुधा शेवटची, संधी मिळते. मात्र आता प्रत्येक बदलाला पैसा पडतो. पात्राचे तोंड हलताना दिसत असेल तर नवे वाक्य जुन्या ओठांच्या हालचालीत बसविणे भाग असते. पात्र पाठमोरे असेल तर हवे ते वाक्य तेथे घालता येते.

या शेवटच्या टप्प्याचे महत्त्व मालिकेच्या आरंभीच कळून चुकले. ‘सम एन्चान्टेड ईव्हनिंग’ हा भाग पहिला म्हणून प्रसारित व्हावयाचा होता. परंतु कोरियाहून आलेली प्रत इतकी सदोष निघाली की तिचा बराच मोठा अंश नव्याने करावा लागला, आणि तो भाग पहिल्या हंगामाच्या अखेरीस, १३ मे १९९० रोजी दाखविण्यात आला.

प्राचीन ग्रंथांच्या पाठचिकित्सेशी या प्रक्रियेची तुलना केली तर एक विलक्षण भेद दिसतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचे धोरण नंतरच्या हातांनी घातलेली भर वेगळी काढून उपलब्ध हस्तलिखितांवरून शक्य तितक्या जुन्या पाठापर्यंत पोहोचण्याचे होते. प्रस्तुत मालिकेच्या बाबतीत कोणी असा प्रयत्न केला, तर हाती येईल तो पहिला खर्डा. आणि तो तर मालिकेच्या दृष्टीने केवळ कच्चा माल होय. येथे प्रक्षेप हीच संहिता आहे.

४. कक्षातील श्रमविभाग

सामूहिक लेखन म्हणजे सर्वांनी सर्व काही करणे, असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात कक्षात गुणांची वाटणी होते. कोणाला कथेची बांधणी साधते, कोणाला पात्राचा सूर अचूक पकडता येतो, कोणी एकाच जागी दहा पर्याय देऊ शकतो. जॉन स्वार्ट्झवेल्डर आणि जॉर्ज मेयर ही या वाटणीची दोन टोके होत.

स्वार्ट्झवेल्डर यांच्या नावावर १९९० ते २००३ या काळातील ५९ भाग आहेत. एवढे दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाहीत. तथापि कक्षात बसणे त्यांना मानवत नसे, आणि काही वर्षांनी त्यांना घरून खर्डे पाठविण्याची मुभा मिळाली. आपली पद्धती त्यांनी २०२१ साली ‘न्यू यॉर्कर’ला दिलेल्या मुलाखतीत सांगितली आहे. पहिला खर्डा ते एका दिवसात, भले-बुरे न पाहता, भराभर लिहून टाकीत. दुसऱ्या दिवशी तो पाहताना जणू रात्री कोणी अडाणी बुटका येऊन आपले सारे काम वाईट रीतीने करून गेला आहे, असे त्यांना वाटे. मग उरते ते केवळ त्याच्या चुका सुधारणे. म्हणजे एकांतात लिहिणाऱ्या या लेखकानेही स्वतःचे दोन लेखक करून घेतले होते, एक लिहिणारा आणि एक पुन्हा लिहिणारा. कक्षात अनेकांत वाटले जाणारे काम त्यांनी दोन दिवसांत वाटले, एवढाच फरक.

मेयर यांचे स्थान नेमके उलट. त्यांच्या नावावरील भाग तुलनेने थोडे आहेत. परंतु कक्षातील पुनर्लेखनावर त्यांची छाप इतकी खोल होती की ‘न्यू यॉर्कर’ने २००० साली त्यांच्यावर दीर्घ लेख प्रसिद्ध केला आणि या मालिकेच्या विनोदामागील प्रमुख शक्ती म्हणून त्यांची ओळख करून दिली. केवळ श्रेयनामावलीच्या आधारे मालिकेचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाला मेयर जवळजवळ दिसणारच नाहीत.

या दोन टोकांना सांधतो तो शोरनर. अंतिम निवड त्याची असल्यामुळे मालिकेचा स्वभाव त्याच्यासवे पालटतो. जीन व रीस (१९९१–९३), डेव्हिड मर्किन (१९९३–९५), ओकली व वाइनस्टाइन (१९९५–९७), माइक स्कली (१९९७–२००१), पुन्हा अल जीन आणि २०२१ पासून प्रामुख्याने मॅट सेलमन अशी ही परंपरा आहे. हंगामांची वर्गवारी करताना जाणकार प्रेक्षक या नावांचाच आधार घेतात, हे सूचक आहे. पात्रे तीच, बहुतेक नट तेच, लेखकही पुष्कळसे तेच. पण कोणता विनोद ठेवावा हे ठरविणारा बदलला की शैली बदलते. एतावता, या प्रकारात शैली लिहिण्यात जितकी असते त्याहून अधिक निवडण्यात असते.

कक्षाबाहेरूनही भर पडते. होमर या नायकाच्या तोंडी येणारा चडफडण्याचा प्रसिद्ध उद्गार संहितेत शब्दरूपाने नसतो. तेथे केवळ ‘वैतागलेला हुंकार’ अशा अर्थाची सूचना कंसात असते. लॉरेल-हार्डी यांच्या चित्रपटांतील जेम्स फिनलेसन या नटाच्या लकबीवरून डॅन कॅस्टेलानेटा यांनी तो घडविला. २००१ साली तो ऑक्सफर्ड कोशात दाखल झाला. मालिकेतील बहुधा सर्वाधिक गाजलेला उच्चार असा कोणाही लेखकाने लिहिलेला नाही.

५. दीर्घायुष्याची अडचण

मालिका लांबली की लेखकांपुढे स्मरणाचा प्रश्न उभा राहतो. या मालिकेत कोणाचेही वय वाढत नाही. बार्ट दहा वर्षांचा आणि लिसा आठ वर्षांची, हे १९८९ पासून कायम आहे. जग मात्र पुढे सरकते. १९९१ साली प्रसारित झालेल्या ‘द वे वी वॉज’ या भागात होमर व मार्ज यांची शाळेतील पहिली भेट १९७४ साली घडते. २००८ साली लेखकांनी ‘दॅट नाइन्टीज शो’ हा भाग रचला आणि त्यात हेच जोडपे १९९० नंतरच्या दशकात अविवाहित असल्याचे दाखविले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. आणि जुन्या प्रेक्षकांचा रोष यावरच होता.

याहून तीव्र प्रसंग २८ सप्टेंबर १९९७ रोजी उद्भवला. केन कीलर यांनी लिहिलेल्या ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’ या भागात शाळेचे मुख्याध्यापक स्किनर हे तोतया असल्याचे उघड होते, आणि शेवटी गावचे न्यायाधीश हा विषय कोणीही पुन्हा काढू नये असा हुकूम देतात. लेखकांच्या दृष्टीने हा सारे काही जसेच्या तसे राहावे असे मागणाऱ्या प्रेक्षकाच्या वृत्तीवरील उपहास होता. पण स्किनर यांना आवाज देणारे नट हॅरी शिअरर यांनीच त्यावर उघड नापसंती व्यक्त केली. आठ वर्षे एका पात्राला आवाज देणारा नट त्या पात्राच्या अधिकाराने बोलू लागतो. दीर्घ मालिकेत पात्रावर लेखकाप्रमाणे नटाचा व प्रेक्षकाचाही हक्क निर्माण होतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

६. दुसरा मार्ग

ही पद्धती एकमेव आहे असे नव्हे. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सुरू झालेल्या ‘साउथ पार्क’ या मालिकेने नेमका विरुद्ध मार्ग चोखाळला. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन हे तिचे कर्ते. तिचा एक भाग साधारणतः सहा दिवसांत तयार होतो. लहानशा गटात चर्चा होते, परंतु संहिता मुख्यतः पार्कर स्वतः लिहितात, आणि चित्रांकन संगणकावर त्याच इमारतीत होत असल्यामुळे प्रसारणाच्या आदल्या रात्रीपर्यंत बदल करता येतात. ताज्या घटनेवर त्याच आठवड्यात भाष्य करणे यामुळे शक्य होते. याचे मोल म्हणजे कामाचा असह्य ताण. १६ ऑक्टोबर २०१३ रोजी वीज गेल्यामुळे भाग वेळेवर पूर्ण होऊ शकला नाही. मालिकेच्या इतिहासात असे प्रथमच घडले.

दोन्ही मालिकांच्या तुलनेतून एक गोष्ट निष्पन्न होते. सामूहिक कर्तृत्व हे अ‍ॅनिमेशनचे अंगभूत लक्षण नाही. वेळ आणि खर्च यांच्या विशिष्ट जुळणीतून ते जन्मते. जेथे नऊ महिन्यांचा अवकाश आहे आणि दर टप्प्याला बदल करण्याची मुभा आहे, तेथे पुनर्लेखनाला व पर्यायाने समूहाला वाव मिळतो. जेथे सहाच दिवस आहेत, तेथे एकाच्या निर्णयावर भिस्त ठेवावी लागते.

७. हशाची कसोटी आणि तिची मर्यादा

कक्षातील पुनर्लेखनाचा निकष हास्य हा आहे. तेथे बसलेली माणसे हसली तर ओळ राहते, न हसली तर जाते. हा निकष प्रामाणिक आहे, आणि त्यानेच या मालिकेला तिची धार दिली. परंतु तो निरपेक्ष नाही. कोण हसले, हे कोण तेथे बसले आहे यावर अवलंबून असते.

अर्ध्या तासाचा जो भाग सर्वप्रथम प्रसारित झाला त्याच्या लेखिका मिमी पाँड या व्यंगचित्रकार होत्या. कायमच्या लेखकमंडळात मात्र त्यांना स्थान मिळाले नाही. आपण स्त्री असल्यामुळे असे घडले, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. आरंभीच्या हंगामांतील लेखनकक्ष हा पुरुषांचा, आणि बव्हंशी एकाच विद्यापीठाच्या वातावरणातून आलेल्या पुरुषांचा होता.

भारतीय वाचकाला या मर्यादेचा अर्थ अपू या पात्रावरून विशेष कळेल. किराणा-दुकानाच्या गल्ल्यावर बसणारे हे भारतीय पात्र १९९० साली मालिकेत आले. त्याचे नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीवरून घेतलेले आहे. ते भारतीय कसे झाले याविषयी दोन भिन्न साक्षी उपलब्ध आहेत. माइक रीस यांच्या सांगण्यानुसार दुकानदार भारतीय नसावा, कारण तो ठरीव साचा होईल, अशी सूचना संहितेत होती. पण वाचनाच्या वेळी नट हँक अझेरिया यांनी भारतीय धाटणीच्या उच्चारात वाक्य म्हटले, मोठा हशा पिकला, आणि पात्र तसेच राहिले. उलट, तसा आवाज काढता येईल काय अशी विचारणा लेखकांकडूनच झाली होती, असे अझेरिया यांचे कथन आहे. यांपैकी कोणतीही साक्ष खरी मानली तरी एक गोष्ट दोहोंत समान राहते. निर्णय हशाने केला. आणि ज्यांच्या बोलीवर हशा पिकला त्यांच्यापैकी कोणी तो ऐकावयास तेथे नव्हता.

या हशाची किंमत दुसऱ्यांनी मोजली. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांना शाळेत त्या आवाजाची नक्कल ऐकावी लागे, ही वेदना हरी कोंडाबोलू या विनोदकाराने २०१७ साली ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ या अनुबोधपटात मांडली. ८ एप्रिल २०१८ च्या भागात मालिकेने या टीकेची दखल घेतली, पण ती इतकी उडवाउडवीची होती की टीका वाढलीच. अझेरिया यांनी २०२० च्या जानेवारीत त्या पात्राला आवाज देणे थांबविल्याचे सांगितले. त्याच वर्षी जून महिन्यात, गौरेतर पात्रांना गौरवर्णीय नट यापुढे आवाज देणार नाहीत, असे निर्मात्यांनी जाहीर केले. आणि २०२१ साली अझेरिया यांनी क्षमायाचना केली. ज्या दोषाची जाणीव, रीस यांची साक्ष प्रमाण मानल्यास, संहितेच्या एका सूचनेत प्रथमपासून होती, तो दूर होण्यास तीस वर्षे लागली. पुनर्लेखनाच्या असंख्य फेऱ्यांतून तो सुटला, कारण सर्व फेऱ्या त्याच भिंतींच्या आत झाल्या.

८. श्रेय आणि संरक्षण

कर्तृत्वाचा प्रश्न शेवटी अर्थकारणाशी येऊन भिडतो. अ‍ॅनिमेशनमधील कथा चित्रकार रचीत असल्यामुळे तिच्या लेखकांना पूर्वीपासून चित्रकारांच्या संघटनेच्या कक्षेत गणले जाई. परिणामी चित्रपट व दूरचित्रवाणीच्या लेखकांना ‘रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका’ या संघटनेच्या करारांतून मिळणारे हक्क ‘द सिम्पसन्स’च्या लेखकांना बरीच वर्षे नव्हते. १९९८ साली फॉक्स वाहिनीवरील अशा मालिकांच्या लेखकांना तो करार लागू झाला. गिल्डच्या श्रेयपद्धतीत एक सूक्ष्म पण उद्बोधक संकेत आहे. दोन नावांमध्ये ‘आणि’ या अर्थाचे चिन्ह असेल तर त्या दोघांनी जोडीने लिहिले असे समजावयाचे. त्याच अर्थाचा पूर्ण शब्द असेल तर दोघांनी वेगवेगळे लिहिले असे समजावयाचे. संपूर्ण कक्षाचे श्रम मात्र कोणत्याच चिन्हात मावत नाहीत. ते मंडळातील पदनामांच्या व वेतनाच्या रूपाने अप्रत्यक्षपणे व्यक्त होतात.

म्हणूनच २ मे ते २७ सप्टेंबर २०२३ या काळातील १४८ दिवसांच्या लेखकांच्या संपाकडे केवळ वेतनवादाच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. त्या संपानंतरच्या करारात भागांच्या संख्येनुसार लेखनकक्षात किमान किती लेखक असावेत याची तरतूद आली. आणि यांत्रिक बुद्धिमत्तेने निर्माण केलेला मजकूर कराराच्या अर्थाने साहित्य गणला जाणार नाही, असेही ठरले. कक्ष हे लेखनाचे साधन आहे, केवळ बसण्याची जागा नव्हे, ही गोष्ट या तरतुदींनी व्यावहारिक भाषेत मान्य केली.

९. समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, या प्रकारात श्रेयनामावलीतील नाव हे प्रारंभकर्त्याचे नाव असते. संहितेचा कर्ता पुनर्लेखनाची संपूर्ण प्रक्रिया होय. दुसरा, शैलीचा शोध घ्यावयाचा तर अभ्यासकाने निवडीच्या अधिकाराचा मागोवा घेतला पाहिजे. त्यासाठी निरनिराळे खर्डे, लेखकांच्या मुलाखती आणि भागांबरोबर प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रित भाष्ये ही साधने उपयोगी पडतील. मात्र अपूच्या बाबतीत दिसले त्याप्रमाणे या साक्षी परस्परविरोधी असतात, आणि ऐतिहासिक साधनांना लावावयाचे निकष त्यांनाही लावले पाहिजेत. तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा. एकट्या लेखकाच्या मर्यादा जशा त्याच्या लेखनात उतरतात, तशाच कक्षाच्या मर्यादा समूहाच्या लेखनात उतरतात. संख्या वाढल्याने त्या आपोआप भरून निघत नाहीत. म्हणून लेखनकक्षात कोणाला प्रवेश मिळाला आणि कोणाला नाही, ही बाब निर्मितिसंस्थेच्या कारभारापुरती नाही. ज्या संहितेत प्रत्येक शब्द कोणाच्या तरी हसण्याने टिकला किंवा गळला, तिच्या समीक्षेचा आरंभ हसणारे कोण होते या प्रश्नापासून व्हावयास हवा.